वाचकांचे प्रश्न : शरीरातला टाकाऊ नायट्रोजन जातो कुठे?

उत्सर्जनाबद्दल आलेल्या प्रश्नांना या वेळी पूर्ण सदर दिलं आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. रक्त-लघवीच्या अहवालाबद्दलच्या उत्तरात आकडे कसे वाचायचे एवढंच सांगितलं आहे. उपचार रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे असतात.

प्रश्न : ‘उत्सर्जित पदार्थांची नावे लिहा’ याचं उत्तर मी ‘मूत्र, घाम, मल’ असं लिहिलं. बाईंनी ‘मल’ खोडलं. तोही शरीराबाहेरच टाकला जातो ना? (एक शाळकरी वाचक)

बाईंनी खोडलं ते बरोबर आहे. उत्सर्जन म्हणजे पेशींच्या आत रासायनिक क्रिया होऊन जे नको असलेलं तयार झालं, ते बाहेर काढणं. न पचलेला चोथा पेशींमध्ये कधी शिरतच नाही. तोंडातून आत गेला, आतड्याच्या पोकळीतून पुढे सरकला आणि बाहेर पडला. त्याचं चयापचय झालेलंच नसतं.

तरी मलात एक गोष्ट अस्सल उत्सर्जित आहे, ती म्हणजे त्याचा तपकिरी रंग. लाल रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते. ती मोडली की हिमोग्लोबिनमधल्या हीमपासून आधी हिरवट बिलिव्हर्डिन आणि त्यापासून पिवळं बिलिरुबिन तयार होतं. यकृत ते पित्तातून आतड्यात सोडतं. तिथले जिवाणू त्याचं रूपांतर करतात आणि शेवटी तपकिरी स्टर्कोबिलिन बनतं. थोडा भाग रक्तात परत शोषला जातो, मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो आणि तिथे युरोबिलिन म्हणून मूत्राला पिवळा रंग देतो. या साखळीची सुरुवात करणारं जिवाणूंचं विकर २०२४ मध्ये ओळखलं गेलं. पित्तनलिका खड्याने अडली तर मल मातकट पांढरा होतो आणि मूत्र गडद होतं, ते याच कारणाने.

तुझ्या यादीतून सगळ्यांत मोठा उत्सर्जित पदार्थ मात्र सुटला: कार्बन डायऑक्साइड. मोठं माणूस स्वस्थ बसून असतानाही मिनिटाला सुमारे २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं. दिवसाचा हिशेब २८८ लिटर, म्हणजे वजनाने अर्ध्या किलोहून जास्त.

प्रश्न : मूत्रपिंडं दिवसाला १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जवळजवळ सगळा परत घेतात, असं वाचलं. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? नको तेवढंच उचलून टाकता आलं नसतं का?

आकडा बरोबर आहे. दोन्ही मूत्रपिंडं मिळून वजन जेमतेम ३०० ग्रॅम, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी पाचवा ते चौथा हिस्सा त्यांच्याकडे जातो. प्रत्येकात सरासरी दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळणारे सूक्ष्म घटक, असतात, माणसागणिक बराच फरक असतो. नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक गुच्छ असतो. त्यातून रक्त बाहेर नेणारी वाहिनी आत आणणारीपेक्षा अरुंद असल्यामुळे आतला दाब चढता राहतो. या दाबाने पाणी आणि छोटे रेणू तीन थरांतून पार होतात: आधी छिद्रं असलेली पेशींची भिंत, मग आधारपटल आणि शेवटी एकमेकांत बोटं गुंफावीत तशा पेशींमधल्या बारीक फटी. रक्तपेशी आणि बहुतेक सगळी प्रथिनं मागे राहतात. गाळलेला द्रव पुढे नेफ्रॉनच्या नलिकेत उतरतो. मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर गाळलं जातं. रक्तद्रव असतो तीन लिटरच्या आसपास, म्हणजे तो दिवसातून साठ वेळा गाळून निघतो.

आता ‘कशासाठी’. नको ते निवडून उचलायचं तर प्रत्येक नकोशा पदार्थासाठी पेशीवर वेगळं वाहक प्रथिन लागेल, आणि जो पदार्थ शरीराने आधी कधी पाहिलेलाच नाही त्यापुढे ही व्यवस्था हतबल होईल. गाळणीच्या पद्धतीत सगळेच छोटे रेणू बाहेर काढले जातात. परतीची वाट फक्त ओळखीच्या उपयोगी पदार्थांना असते: ग्लुकोज, अमिनो आम्लं, सोडियम, बायकार्बोनेट. अनोळखी पदार्थाला ती वाट नसल्याने तो सहसा आपोआप मूत्रात राहतो. आमच्या मते मूत्रपिंडाच्या रचनेतली सगळ्यांत हुशारीची गोष्ट हीच. याच्या जोडीला काही पदार्थ नलिकेच्या भिंतीतून मुद्दाम मूत्रात ढकललेही जातात. पेनिसिलिन त्यातलंच. १९४१ मध्ये ते इतकं दुर्मीळ होतं, की ज्या रुग्णावर पहिल्यांदा वापरलं त्याच्या मूत्रातून ते परत काढून पुन्हा टोचावं लागलं होतं.

या व्यवस्थेची किंमत मोठी आहे. दिवसभरात गाळल्या जाणाऱ्या सोडियमचा हिशेब मिठात केला तर दीड किलो मीठ होतं, आणि त्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त परत घ्यावं लागतं. म्हणूनच शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का असलेली मूत्रपिंडं विश्रांतीच्या वेळच्या ऑक्सिजनपैकी ७ ते १० टक्के वापरतात. रक्तदाब फार खाली गेला की नलिकांच्या पेशी लवकर मरू लागतात, ते याच भुकेमुळे.

परतीच्या वाटेला मर्यादाही असते. रक्तातलं ग्लुकोज १०० मिलिलिटरमागे साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेलं की वाहक प्रथिनं पुरी पडत नाहीत. उरलेलं ग्लुकोज नलिकेतच राहतं आणि पाण्याला धरून ठेवतं. मधुमेहात लघवी वाढते आणि पाठोपाठ तहान वाढते, त्याचा क्रम असा आहे.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. गाळलेल्या युरियापैकी जवळपास निम्मा शरीर परत घेतं. तो मूत्रपिंडाच्या आतल्या भागात साठतो आणि तिथल्या द्रवात विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण वाढवून मूत्र घट्ट करायला मदत करतो. आहारात प्रथिनं फार कमी पडली तर युरिया कमी बनतो आणि मूत्र घट्ट करण्याची ताकदही घटते. माणसाचं मूत्र लिटरमागे जास्तीत जास्त १२०० मिलिऑस्मोलपर्यंत (विरघळलेल्या कणांची संख्या मोजण्याचं हे एकक) घट्ट होऊ शकतं. दिवसाला सुमारे ६०० मिलिऑस्मोल बाहेर टाकायचे असतात. म्हणजे पाण्याचा थेंब मिळाला नाही तरी अर्धा लिटर पाणी मूत्रातून जाणारच.

प्रश्न : माझं क्रिएटिनिन ०.७ वरून १.२ झालं. अहवालात दोन्ही वेळा ‘सामान्य’ लिहिलं आहे. शिवाय २४ तासांची लघवी गोळा करायला सांगितली आहे. ती नेमकी कशी करायची?

अहवालातली सामान्य मर्यादा अनेक माणसांवरून काढलेली असते. तुम्हाला तुमच्याच जुन्या आकड्याशी तुलना करायची आहे. क्रिएटिनिन स्नायूंतल्या क्रिएटिनपासून रोज जवळजवळ ठरावीक प्रमाणात बनतं आणि मुख्यतः गाळण्यातूनच बाहेर जातं. त्यामुळे गाळण्याचा वेग निम्मा झाला की रक्तातलं क्रिएटिनिन साधारण दुप्पट होतं. ०.७ वरून १.२ हा बदल खरा असेल तर वेग चाळीस टक्क्यांच्या आसपास उतरलेला असू शकतो, आणि तरीही आकडा छापील मर्यादेतच राहतो. घाबरण्याआधी इतर कारणं मात्र तपासायला हवीत. आदल्या दिवशी शिजवलेलं मांस भरपूर खाणं, अतिश्रमाचा व्यायाम, अंगात पाणी कमी असणं यांनीही आकडा चढतो. ट्रायमेथोप्रिम या प्रतिजैविकासारखी काही औषधं गाळण्याला धक्का न लावता क्रिएटिनिन वाढवतात. याउलट काही वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा खरोखरच कमी करतात. कोणती औषधं चालू आहेत ते डॉक्टरांना न विसरता सांगा.

गोळा करण्याची रीत अशी. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी भांड्यात घ्यायची नाही. ती टाकून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची, समजा सकाळी ७. त्यानंतर दिवसरात्र होणारी प्रत्येक लघवी भांड्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर ७ वाजता मूत्राशय रिकामं करायचं आणि ही लघवी मात्र भांड्यात घ्यायची. भांडं झाकून थंड जागी ठेवा. प्रयोगशाळेने आधीच आत द्रव किंवा भुकटी घातली असेल तर ती फेकू नका, काही तपासण्यांसाठी ती लागते. पाणी नेहमीइतकंच प्या. शौचाला जाण्याआधी लघवी वेगळी घ्या. सगळ्यांत जास्त गळती तिथेच होते.

यावरून गाळण्याचा वेग काढायचा हिशेब सोपा आहे. २४ तासांत १४४० मिलिलिटर लघवी झाली, म्हणजे मिनिटाला १ मिलिलिटर. तिच्यातलं क्रिएटिनिन १०० मिलिलिटरमागे १०० मिलिग्रॅम आणि रक्तातलं १ मिलिग्रॅम असेल, तर १०० गुणिले १ भागिले १, म्हणजे मिनिटाला १०० मिलिलिटर. आता ३०० मिलिलिटरची एकच लघवी भांड्यात घ्यायची राहिली, तर उत्तर ७९ येईल आणि मूत्रपिंड बिघडल्यासारखं दिसेल. उलट पहिल्या सकाळची लघवीही भांड्यात ओतली तर उत्तर खोटंच चांगलं येईल. पडताळा घ्यायला एक सोय आहे: प्रौढ पुरुषाच्या लघवीतून दिवसाला किलोमागे साधारण २० ते २५ मिलिग्रॅम क्रिएटिनिन जातं, स्त्रीच्या १५ ते २०. वरच्या उदाहरणात १४४० मिलिग्रॅम गेलं. ६५ किलोच्या पुरुषाला किलोमागे २२ पडतात, म्हणजे गोळा करणं नीट झालं. वयस्कर आणि कृश माणसांत हा आकडा मुळातच कमी असतो.

प्रश्न : मासे अमोनिया टाकतात, आपण युरिया, पक्षी यूरिक आम्ल. पाणी वाचवायला, असं कारण देतात. पण पक्षी तर पाणी पितात!

प्रथिनांच्या वजनात साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. शरीर १०० ग्रॅम प्रथिनं मोडतं तेव्हा १६ ग्रॅम नायट्रोजन सुटा होतो, आणि तो सुटतो अमोनियाच्या रूपात. अमोनिया मेंदूला फार घातक आहे, त्यामुळे तो बराच पातळ करून तरी टाकावा लागतो किंवा त्याचं रूप तरी बदलावं लागतं. एक ग्रॅम नायट्रोजन अमोनिया म्हणून टाकायला अर्धा लिटरपर्यंत पाणी लागतं. युरिया म्हणून सुमारे ५० मिलिलिटर. यूरिक आम्ल म्हणून १० मिलिलिटर किंवा त्याहूनही कमी. माशाच्या कल्ल्यांवरून सतत पाणी वाहतं, म्हणून त्याला अमोनिया परवडतो. आपलं यकृत दोन अमोनिया आणि एक कार्बन डायऑक्साइड जोडून युरिया बनवतं. हे चक्र हान्स क्रेब्ज आणि कुर्ट हेन्झेलाइट यांनी १९३२ मध्ये मांडलं. एका युरियामागे एटीपीचे चार ऊर्जाबंध खर्च होतात. १०० ग्रॅम प्रथिनांपासून सुमारे ३४ ग्रॅम युरिया तयार होतो.

यूरिक आम्ल बनवायला याहून जास्त ऊर्जा लागते, मग पक्ष्याने तो मार्ग का धरला? याचं उत्तर अंड्यात आहे. सस्तन प्राण्याचा गर्भ आपला युरिया नाळेवाटे आईच्या रक्तात सोडून देतो. कवचाच्या अंड्यातल्या पिल्लाला तशी सोय नाही. जे टाकायचं ते अंड्यातच, आणि मर्यादित पाण्यात. युरिया पाण्यात विरघळून राहिला असता, पिल्लाभोवती साठत गेला असता आणि त्याच्या पेशींतलं पाणी ओढत राहिला असता. यूरिक आम्ल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्याचा साका होतो. तो अपरापोषिका नावाच्या पिशवीत पडून राहतो आणि पिल्लाला त्रास देत नाही. सरडे, साप, कीटक यांच्याकडेही यूरिक आम्ल आहे, आणि तीही कोरड्या जागी कवचाची अंडी घालणारी मंडळी आहेत.

पक्ष्याची विष्ठा नीट पाहा. गडद भाग मल, पांढरा लगदा म्हणजे यूरिक आम्लाचे क्षार. मूत्र अवस्करात, म्हणजे मल आणि मूत्र यांच्या सामाईक पोकळीत, आल्यावर उलट्या दिशेने मोठ्या आतड्यात ढकललं जातं आणि तिथे त्यातलं पाणी व क्षार आणखी शोषले जातात. पाणी फार कमी पडलं की हाच साका मूत्रपिंडात आणि सांध्यांत बसतो. माणसाच्या सांध्यात तसा साका बसला की त्याला गाउट म्हणतात. आपण युरिया टाकणारे असलो तरी डीएनएमधले प्युरिन नावाचे घटक मोडताना थोडं यूरिक आम्ल आपल्यातही बनतं, आणि ते पुढे मोडणारं युरिकेझ हे विकर माणूस आणि चिंपांझी-गोरिलासारखे बिनशेपटीचे वानर गमावून बसले आहेत.

हे गट पक्के बंदिस्त मात्र नाहीत. बेडूकमासा अमोनिया टाकतो, त्याचा बेडूक झाला की युरिया. फुप्फुसमासा पाण्यात असताना मुख्यतः अमोनिया टाकतो. तळं आटून तो चिखलात निजला की नायट्रोजन युरियाच्या रूपात साठवू लागतो. फुलांतला पातळ मकरंद पिणाऱ्या हमिंगबर्डकडे पाण्याची रेलचेल झाली, की त्याच्या मूत्रात अमोनियाचं प्रमाण वाढतं.

प्रश्न : १०० लिटरच्या नव्या टाकीतलं पाणी काचेसारखं स्वच्छ आहे. तरी दहाव्या-बाराव्या दिवसापासून मासे वर येऊन तोंड उघडत राहतात आणि मरतात. हवेचा पंप चालू आहे. काय चुकतं?

तुमचे मासे बहुधा स्वतःच्याच उत्सर्जनात गुदमरत आहेत. अमोनिया कल्ल्यांतून बाहेर पडतो तो रक्तात जास्त आणि पाण्यात कमी असल्यामुळे. पाण्यातलं प्रमाण वाढलं की हा उतार संपतो आणि अमोनिया माशाच्या अंगातच तुंबतो. पाणी दिसायला कितीही नितळ असो, अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

किती साठतो ते पाहा. १ ग्रॅम खाद्यात ४० टक्के प्रथिन धरलं तर ०.०६४ ग्रॅम नायट्रोजन आत जातो. त्यातला अर्धा जरी पाण्यात आला, तरी १०० लिटरमध्ये लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमची भर पडते, रोज. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूवर वाढलेले जिवाणू याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. आधी अमोनिया चढतो, तो उतरू लागतो तेव्हा नायट्राइट चढतं. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहू देत नाही. कल्ले तपकिरी दिसले तर संशय त्याच्यावर घ्या. पंप कितीही बुडबुडे सोडो, रक्तच ऑक्सिजन उचलत नसेल तर उपयोग नाही.

तपासणी संचाने अमोनिया, नायट्राइट आणि पीएच तिन्ही मोजा. पीएच सोडून अमोनियाचा नुसता आकडा वाचू नका. संच एकूण अमोनिया सांगतो; त्यातला विषारी भाग म्हणजे मुक्त अमोनिया, उरलेला भाग अमोनियमच्या रूपात असतो. २५ अंश सेल्सियसला पीएच ७ असताना तो एकूणाच्या अर्धा-पाऊण टक्का असतो, पीएच ८ ला सुमारे ५ टक्के आणि पीएच ९ ला ३५ टक्क्यांच्या पुढे. मुक्त अमोनिया लिटरमागे ०.०२ मिलिग्रॅमच्या वर नको. म्हणजे एकूण १ मिलिग्रॅम असताना पीएच ७ ला मासे तगतील, ८ ला धोक्यात येतील.

आज करायचं ते असं: खाद्य दोन दिवस बंद. पाणी पाव ते एक तृतीयांश बदला आणि गरज पडली तर रोज बदला. नव्या पाण्यातलं क्लोरीन आधी काढा आणि तापमान सारखं ठेवा. नव्या पाण्याचा पीएच टाकीतल्यापेक्षा बराच जास्त असेल तर एकदम ओतू नका, नाहीतर निरुपद्रवी अमोनियम क्षणात विषारी अमोनिया होईल आणि पाणी बदलल्यानेच मासे मरतील. नायट्राइट आढळलं तर १० लिटरला १ ग्रॅम साधं मीठ विरघळवून घाला. मिठातला क्लोराइड कल्ल्यांमधून आत शिरण्याच्या वाटेवर नायट्राइटशी स्पर्धा करतो. फिल्टरचा स्पंज क्लोरीनच्या पाण्याखाली धुऊ नका, जिवाणू मरतील. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. पुढची टाकी लावाल तेव्हा मासे न सोडता लिटरमागे १ ते २ मिलिग्रॅम अमोनिया घालून ठेवा. २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊ लागले की टाकी तयार.

प्रश्न : कीटकांना केशवाहिन्या नाहीत. मग त्यांचं मूत्र गाळलं कसं जातं?

गाळलं जातच नाही. कीटकाचे अवयव रक्तलसिकेत, म्हणजे शरीरपोकळीतल्या रक्तासारख्या द्रवात, नुसते बुडालेले असतात. गाळण्यापुरता दाबच नसतो. पाचननलिकेच्या मधल्या आणि मागच्या भागाच्या जोडावर बारीक, टोकाला बंद अशा माल्पिघी नलिका असतात. काही कीटकांत दोन-चार, तर काहींत दोनशेच्या वर. नलिकेच्या पेशी ऊर्जा खर्चून पोटॅशियम आत खेचतात, त्यामागे क्लोराइड जातं आणि त्यामागे पाणी. या ओघात यूरिक आम्लही आत येतं. पुढे गुदाशयात पाणी आणि क्षार परत शोषले जातात आणि कोरडी गोळी बाहेर पडते. सगळा भार पंपावर आहे, आणि पंपाचा वेग संप्रेरकांनी वाढवता येतो. डास रक्त पिता पिता किंवा पिऊन होताच मागून स्वच्छ थेंब टाकतो, तो जेवणातलं जास्तीचं पाणी आणि मीठ काढून टाकण्यासाठी. उडायचं तर वजन उतरवायलाच हवं.

झुरळ यूरिक आम्ल सगळं टाकूनही देत नाही. ते मेदपिंडात साठवतं, आणि तिथे राहणारे सहजीवी जिवाणू त्यातला नायट्रोजन वापरून अमिनो आम्लं बनवतात. कोशातून नुकतंच बाहेर आलेलं फुलपाखरू पंख वाळवताना रंगीत द्रवाचे थेंब टाकतं. कोशात असताना काहीच बाहेर टाकता आलेलं नसतं, तो सगळा साठा त्या थेंबांत असतो.

प्रश्न : घाम गाळून शरीरातलं ‘विष’ बाहेर काढता येतं का?

नाही. घाम ९९ टक्के पाणी असतो, उरलेल्यात मुख्यतः मीठ. युरिया असतो, पण दिवसाच्या हिशेबात नगण्य. घामाचं काम अंग थंड करणं आहे. मूत्रपिंडं निकामी होऊन रक्तातला युरिया फार वाढला तर घाम वाळल्यावर त्वचेवर युरियाचे पांढरे कण दिसू शकतात. तेवढं होऊनही रक्त साफ होत नाही, डायलिसिस करावंच लागतं. भरपूर घाम गाळून पाणी कमी पडू दिलं तर उलट मूत्रपिंडावरच ताण येतो.

प्रश्न : झाडं उत्सर्जन कशी करतात? पानगळ म्हणजे झाडाचं उत्सर्जन, असं पुस्तकात आहे.

अर्धंच खरं आहे. प्राणी लागतात त्याहून जास्त प्रथिनं खातात आणि जास्तीचा नायट्रोजन त्यांना टाकावा लागतो. झाड गरजेपुरतीच अमिनो आम्लं स्वतः बनवतं. नायट्रोजन त्याला कायम कमीच पडतो, मग ते टाकेल कशाला? पान गळण्याआधी झाड त्यातला निम्म्याच्या आसपास नायट्रोजन आणि फॉस्फरस खोडात परत ओढून घेतं. पानाबरोबर जातं ते परत ओढता न आलेलं कॅल्शियम, साठलेले क्षार, टॅनिनसारखे पदार्थ. त्या अर्थाने पानगळीत उत्सर्जन आहे. जुन्या लाकडाच्या गाभ्यात आणि सालीतही असे पदार्थ कोंडून ठेवले जातात.

राळ, डिंक, चीक यांना सरसकट ‘टाकाऊ’ म्हणणं आम्हाला पटत नाही. जखम बुजवणं आणि कीड परतवणं ही त्यांची कामं आहेत. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिकही तसेच: जास्तीचं कॅल्शियम त्यांत बंदिस्त होतं आणि पान खाणाऱ्याच्या तोंडाला ते टोचतात. खऱ्या उत्सर्जनाचं स्वच्छ उदाहरण हवं असेल तर काही खारफुटी वनस्पतींची पानं पाहा. त्यांच्यावरच्या क्षारग्रंथी मीठ बाहेर टाकतात आणि ते वाळून पानावर पांढरं दिसतं.

प्रश्न : अमीबाची संकोची रिक्तिका म्हणजे त्याचं मूत्रपिंड, असं वर्गात शिकवू का? (एक शिक्षिका)

शिकवू नका. गोड्या पाण्यातल्या एकपेशीय जीवाचा अमोनिया पेशीच्या पातळ आवरणातून सरळ बाहेर पाझरतो. एवढ्या लहान देहाला वेगळा अवयव लागत नाही. रिक्तिका, म्हणजे भरत-आकसत राहणारी पेशीतली पिशवी, मुख्यतः पाणी उपसते. पेशीच्या आत क्षार जास्त, बाहेर कमी, त्यामुळे पाणी सतत आत शिरतं. ते काढलं नाही तर पेशी फुगून फुटेल.

वर्गात दाखवायला पॅरामिशियम जास्त सोयीचा. त्याला दोन रिक्तिका असतात आणि भोवतालच्या किरणांसारख्या नलिका भरताना स्पष्ट दिसतात. काचपट्टीवर संवर्धनाचा एक थेंब घ्या, पळापळ थांबवायला मेथिल सेल्युलोजच्या घट्ट द्रावणाचा थेंब मिसळा, आच्छादनकाच ठेवा आणि ४०० पट मोठं करून पाहा. एकच रिक्तिका निवडा आणि ती सलग दहा वेळा आकुंचन पावायला किती सेकंद लागतात ते मोजा. मग आच्छादनकाचेच्या एका कडेला ०.२ टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावून तो आत ओढून घ्या. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा मोजा: मधला वेळ लांबलेला दिसेल, कारण आत शिरणारं पाणीच कमी झालं. रिक्तिका अमोनिया काढण्यासाठी असती तर बाहेरच्या मिठाने तिचा वेग असा बदलला नसता, हे मुलांकडूनच वदवून घ्या. मीठ ०.५ टक्क्याच्या वर नेऊ नका. पेशी आकसून मरते आणि मग रिक्तिका मिठामुळे मंदावली की पेशी मेल्यामुळे थांबली हे सांगता येत नाही. शेवटी त्याच रीतीने गोडं पाणी आत ओढून तिसऱ्यांदा मोजायचं. वेग परत वाढला तर पेशी जिवंत होती आणि तुमची आधीची दोन्ही मापं धरता येतील.